खुर्च्यांचं धर्मयुद्ध

शॉमबर्गच्या मराठी मंडळात अरुण सबनीस हे नाव घेतलं तर निम्मी मंडळी विचारात पडतील. खुर्च्यांवाले काका म्हटलं की मात्र लगेच ओळख पटेल. गणपती असो, दिवाळी असो, की भारतातून आलेल्या एखाद्या गायकाची मैफल असो, शाळेच्या त्या प्रचंड हॉलमध्ये खुर्च्या मांडायला सगळ्यांच्या आधी येणारा आणि त्या मिटून, ढकलगाडीवर रचून, सगळ्यांच्या नंतर घरी जाणारा माणूस म्हणजे अरुणराव. विमा कंपनीत जुनाट कॉम्प्युटर प्रणाली सांभाळायची नोकरी, साठी उलटलेली, बायको वसुधा, नोकरीसाठी दूर सिॲटलला गेलेली मुलगी निधी आणि कामातून गेलेले दोन गुडघे, एवढा त्यांचा संसार. आयुष्यात त्यांनी कुणाला काही पटवून दिलं असेल असं वाटत नाही. हॉटेलात डोसा मागवला आणि उत्तप्पा आला तरी ते मुकाट्याने उत्तप्पा खाणार आणि वर वेटरला थँक्यू म्हणणार. अशा माणसाने शिकागोच्या उपनगरात धर्मयुद्ध पुकारावं म्हणजे कमालच झाली. पण पुकारलं खरं, आणि तेही थेट पोपकडून शिकून.

आधी मंडळ कसं फुटलं ते सांगायला हवं. मराठी मंडळं अध्यक्षपदावरून फुटतात असा आपला समज आहे. हे मंडळ फुटलं वेळेवरून. कार्यक्रम पाचला सुरू करायचा असेल तर निमंत्रणावर चार छापायचे, कारण आपले लोक तासभर उशिराच येतात, असा एक पक्ष. पाचला करायचा तर पाचच छापा, ज्याला यायचं तो येईल, असा दुसरा पक्ष. दोघेही एकच कार्यक्रम एकाच वेळी सुरू करणार होते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. वाद मिटवायला सभा बोलावली. सभेच्या निमंत्रणावर चारची वेळ होती. छापील वेळ पाळणारे बरोबर चारला आले, तासभर रिकाम्या हॉलमध्ये एकमेकांची तोंडं बघत बसले आणि संतापून निघून गेले. पाचला आलेल्यांनी ठराव एकमताने मंजूर केला. निघून गेलेल्यांनी त्याच आठवड्यात नवं मंडळ काढलं.

अरुणरावांना दोन्ही बाजू पटत होत्या. पण पुढच्या शनिवारी जुन्या मंडळाचा कार्यक्रम होता आणि खुर्च्या मांडायला कुणीतरी हवं होतं, म्हणून ते जुन्यात राहिले. रामभाऊ नव्यात गेला.

रामभाऊ म्हणजे नागपूरकडचा, रस्ते खात्यातला इंजिनिअर. आवाज असा की माईक बंद पडला तरी कार्यक्रमाचं काही अडायचं नाही. पंचवीसेक वर्षं त्या दोघांनी मिळून खुर्च्या मांडल्या आणि आवरल्या. सगळे लोक उरलेल्या जेवणाचे डबे भरून घरी गेले की रामभाऊची बायको जाईवहिनी थर्मासमधला चहा काढायची, वसुधाताई पिशवीतले तिखट शंकरपाळे काढायच्या, आणि शेवटच्या चार खुर्च्या न मिटता त्यांच्यावर बसून ही चौकडी त्या दिवशीच्या कार्यक्रमाचे यथेच्छ वाभाडे काढायची. अरुणरावांना विचाराल तर मंडळ म्हणजे तेवढाच वेळ. बाकीचं सगळं त्यासाठी करायचं.

फुटीनंतर ते एकटे पडले. मंडळाच्या स्वतःच्या शंभरेक हलक्या खुर्च्या पहिल्यापासून रामभाऊच्या गॅरेजात असायच्या. त्या तिथेच राहिल्या, आणि जुन्या मंडळाला शाळेच्या लोखंडी, अवजड खुर्च्यांवर भागवावं लागलं. एकेक खुर्ची उचलताना गुडघा करकरायचा. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, ती नेमकी गणपतीच्या तोंडावरची. मदतीसाठी ग्रुपवर मेसेज टाकला की पन्नास अंगठे वर यायचे, आणि कार्यक्रम संपला की ते पन्नासही जण गाडीची चावी चाचपत दाराकडे पळायचे. खरं सांगायचं तर अरुणरावांना माणसं नकोच होती, त्यांना रामभाऊ हवा होता. पण फोन उचलून ‘तू ये’ एवढं म्हणायची हिंमत त्यांना एवढ्या वर्षांत झाली नव्हती, आणि तिकडून रामभाऊनेही तोंड शिवून घेतलं होतं.

अशात एका शनिवारी ते वसुधाताईंची पुस्तकं परत करायला गावच्या लायब्ररीत गेले. खालच्या खोलीत ज्येष्ठ नागरिकांसाठी व्याख्यान होतं, फुकट कॉफी होती, आणि मुख्य म्हणजे खुर्च्या कुणीतरी आधीच मांडून ठेवल्या होत्या. अरुणराव बसले. एक निवृत्त प्राध्यापक सांगत होते, की नऊशेहून जास्त वर्षांपूर्वी युरोपात पोपने आणि त्याच्या धर्मगुरूंनी हजारो लोकांना घरदार सोडून जेरुसलेमच्या लढाईला कसं निघायला लावलं. गर्दी मावेना म्हणून सभा मोकळ्या मैदानात घेतली. भाषण संपताच सगळ्यांच्या आधी पुढे येऊन गुडघे टेकणारा बिशप बहुधा ठरवून ठेवलेला होता. मग गर्दीतून आरोळी उठली, ‘देवाची इच्छा!’ जो शपथ घेईल त्याने खांद्यावर कापडाचा क्रूस लावायचा. त्याला पापांची माफी. पुढे पुढे तर नुसतं प्रवचन ऐकायला येणाऱ्यालाही थोडीफार माफी. शपथ घेऊन घरी बसला तर तो वाळीत. आणि या सगळ्याच्या आधी, तिकडे दूर आपल्या पवित्र जागांची कशी विटंबना चालली आहे याच्या अंगावर काटा आणणाऱ्या कहाण्या.

‘‘त्या कहाण्या खऱ्या होत्या का?’’ एका आजीबाईंनी विचारलं.

‘‘बऱ्याचशा फुगवलेल्या,’’ प्राध्यापक म्हणाले. ‘‘तपासायला कोण जाणार होतं?’’

‘‘आणि पोप स्वतः लढायला गेला?’’

‘‘छे. तो इकडेच राहिला.’’

अरुणरावांनीही हात वर केला. ‘‘सर, सभा संपल्यावर ते मैदान कुणी आवरलं?’’

सगळे हसले. प्राध्यापकांनाही तो विनोदच वाटला. अरुणरावांनी मात्र अगदी मनापासून विचारलं होतं. पुढे प्राध्यापकांनी असंही सांगितलं, की यातल्या पहिल्या काही झुंडी जेरुसलेमपर्यंत पोचायच्या कितीतरी आधी वाटेतल्या शहरांमधल्या निरपराध ज्यू वस्त्यांवर तुटून पडल्या, आणि ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता ती माणसं मारली गेली. पण तोवर अरुणराव पापांच्या माफीत गढून गेले होते. त्यांनी ते नीट ऐकलंच नाही.

घरी येऊन त्यांनी वसुधाताईंना नारिंगी रंगाचं फेल्टचं कापड आणायला सांगितलं.

‘‘कशाला?’’

‘‘खुर्च्या कापायच्या आहेत. छोट्या. खांद्यावर लावायला.’’

वसुधाताईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. मग कापड आणून ते कापता कापता सगळी योजना ऐकली, आणि मध्येच कात्री थांबवली. ‘‘अहो, पण रामभाऊंच्या गॅरेजात ओल आहे आणि खुर्च्या गंजल्यात, हे तुम्हाला कुणी सांगितलं?’’

‘‘कुणी नाही.’’

‘‘मग?’’

‘‘प्रोफेसर म्हणाले, पुरावा लागत नाही.’’

‘‘रामभाऊंबद्दल असं बोलणार तुम्ही?’’

‘‘त्याचं नाव कुठे घेतोय? ‘ते लोक’ म्हणेन,’’ असं म्हणून अरुणराव आतल्या खोलीत गेले. एवढा मऊ माणूस, पण अपमान आणि आठवण एका जागी साठली की माणसाला काय बुद्धी होईल सांगता येत नाही.

मंडळाचा अध्यक्ष विनय हा चाळिशीतला सॉफ्टवेअर मॅनेजर, बोलताना बोटांनी हवेत चौकोन काढणारा. त्याला योजना सांगताच तो जागचा उडाला. ‘‘काका, धिस इज ब्रिलियंट! व्हॉलंटिअर्स हाच तर आपला मेन इश्यू आहे यार. मी फर्स्ट नील डाउन करतो!’’

‘‘कर. पण मी खूण केल्यावर.’’

जूनमध्ये बसी वूड्सच्या जंगलात मंडळाची पिकनिक झाली. मोकळं मैदान होतंच. भेळ वाटून झाल्यावर अरुणराव एका लाकडी टेबलावर चढले, किंवा चढवले गेले म्हणा, कारण गुडघ्यांमुळे दोघांना त्यांना उचलावं लागलं. कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धेत ते दुसऱ्या वाक्यावर घेरी येऊन पडले होते. त्यामुळे वसुधाताई पाण्याची बाटली घेऊन तयारीतच उभ्या होत्या.

‘‘मित्रहो,’’ अरुणराव म्हणाले, ‘‘आपल्या खुर्च्या आज कुठे आहेत?’’

एवढ्यावरच विनयने गुडघे टेकले. अरुणरावांनी डोळे वटारले तसा तो पुन्हा उठला.

‘‘आपल्या वर्गणीच्या खुर्च्या! ज्यांच्यावर बसून आपण पहिली दिवाळी पहाट ऐकली, त्या खुर्च्या! आज त्या एका ओल्या गॅरेजात पडल्यात. त्यांच्यावर रंगाचे डबे ठेवलेत. ते लोक चपला घालून त्यांच्यावर उभे राहतात आणि ख्रिसमसच्या माळा लावतात. त्यांची मुलं त्यांच्यावर बसून पिझ्झा खातात आणि हात कशाला पुसतात? सीटला!’’

भेळ खाणारे हात थांबले. मागून कुणीतरी ‘शी!’ म्हणालं. ज्यांना मंडळाच्या स्वतःच्या खुर्च्या आहेत हेसुद्धा आजवर माहीत नव्हतं, त्यांच्या डोळ्यांत अंगार पेटला. अरुणराव बघतच राहिले. एवढी माणसं आपल्याकडे बघतायत, आपण पुढे काय म्हणतो याची वाट बघतायत, हा प्रकार त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होता. गोड लागला तो. उगाच नाही म्हणू नये.

‘‘जो या कार्याला येईल, त्याला माफी!’’ त्यांचा आवाज चढला. ‘‘ज्यांनी दोघं येणार म्हणून कळवून सहा जण आणले, त्यांना माफी! ज्यांनी पर्सा ठेवून अख्खी रांग अडवली, त्यांना माफी! ज्यांनी बुफेतले गुलाबजाम झिपलॉकमध्ये भरून नेले, त्यांना माफी! जे नाटक संपल्यावर नुसतं जेवायला आले, त्यांनासुद्धा माफी! अध्यक्षांनी मान्य केलंय!’’

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. नेत्रा नावाच्या एका बाईंनी तर पुढे येऊन, श्रीखंडाचा अख्खा ट्रे आपल्या गाडीत नेऊन ठेवल्याची जुनी हकिगत हुंदके देत सांगितली. कुणी विचारलंही नव्हतं. विनयने दुसऱ्यांदा गुडघे टेकले, कुणीतरी आरोळी ठोकली, ‘‘बाप्पाची इच्छा!’’ आणि सगळं मैदान ‘बाप्पाची इच्छा’ म्हणून दुमदुमलं. शेजारच्या पिकनिकवाल्यांनी आपला कुत्रा आणि हॉट डॉग उचलून गाडीत नेले.

शपथ दोन कलमांची होती, आणि ती मोडणाऱ्याला गणपतीच्या जेवणात शेवटची रांग. खुर्च्या परत येईपर्यंत खांद्यावरची नारिंगी खुर्ची उतरवायची नाही, हे पहिलं. दुसरं कलम अरुणरावांना टेबलावर उभ्या उभ्याच सुचलं. दोन्ही मंडळांमध्ये अजून एकच धागा शिल्लक होता, तो म्हणजे ‘कढीपत्ता देवाणघेवाण’ नावाचा बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. कुणाकडे कढीपत्त्याचं रोप जास्त झालंय, कुणाला विमानतळावर सोडायचंय, कुणाची आई भारतातून आलीय, असलं सगळं त्यावर यायचं. जाईवहिनी त्याची ॲडमिन. ‘‘तो ग्रुप सोडायचा,’’ अरुणराव गरजले, ‘‘आणि त्यांचे नंबर ब्लॉक करायचे! ज्यांना खुर्चीची किंमत नाही त्यांचा कढीपत्ता आपल्याला नको!’’ टाळ्यांच्या कडकडाटात पटापट फोन निघाले. अरुणरावांनी सगळ्यांना दिसेल असा स्वतःचा फोन वर धरला आणि रामभाऊचा नंबर ब्लॉक केला. वसुधाताईंनी मात्र फोन हातात धरून बराच वेळ नुसता पाहिला. ‘‘जाईशी बोलणं नसलं तरी तिचं तिथे काय चाललंय ते कळायचं,’’ त्या पुटपुटल्या. पण आजूबाजूच्या बायका बघत होत्या, तेव्हा त्यांनीही बटण दाबलं.

खांद्याला बिल्ले लावून, एकमेकांना मिठ्या मारून, ‘बाप्पाची इच्छा’ म्हणत सगळे आपापल्या गाड्यांत बसून निघून गेले. मैदानावर पिकनिकच्या खुर्च्या जशाच्या तशा पडल्या होत्या. त्या अरुणरावांनी एकट्याने गाडीत भरल्या.

त्या भरता भरताच हे सगळं इथेच थांबवावं असं त्यांना वाटलं. पण हे प्रकरण आता विनयच्या हातात गेलं होतं. त्याने टी-शर्ट छापले, घोषणा तयार केल्या, मोहिमेला ‘ऑपरेशन सिंहासन’ असं नाव दिलं. लोक ऑफिसातही बिल्ले लावून जाऊ लागले. अरुणरावांच्या हाताखालच्या एका गोऱ्या बाईला वाटलं की हा कसल्यातरी पाठीच्या आजाराबद्दलचा जनजागृती महिना आहे. तिने तीन दिवस उभं राहून काम केलं आणि ‘आय स्टँड विथ यू, अरुण’ असा मेल सगळ्या मजल्याला पाठवला. निधीला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘बाबा, दॅट्स लिटरली अ कल्ट.’’

‘‘अगं, खुर्च्यांसाठी आहे.’’

‘‘दॅट मेक्स इट वर्स.’’

अरुणरावांनी विनयकडे जाऊन चाचरत विषय काढला, की राहू दे, गणपतीला चार जण मदतीला आले तरी माझं काम होतंय. विनयने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘काका, बॅक आउट करणाऱ्याला गणपतीच्या जेवणात लास्ट लाइन, हा रूल तुमचाच आहे ना? तुम्हीच असं केलंत तर लोकांचा मोराल जाईल यार.’’ गणपतीच्या पंगतीतली शेवटची रांग म्हणजे मोदक संपल्यानंतरची रांग. अरुणराव बिल्ला नीट लावून घरी आले.

जुलैतल्या एका शुक्रवारी विनयला बातमी लागली. गावच्या कम्युनिटी सेंटरच्या वेबसाइटवर नव्या मंडळाने रविवारी दुपारी तीनला हॉल घेतल्याचं दिसत होतं. म्हणजे खुर्च्या गॅरेजातून बाहेर निघणार. आणि ती माणसं खऱ्या वेळेची, तेव्हा तीनच्या ठोक्याला सगळी आत बसलेली असणार. आपण आत शिरायचं, घोषणा द्यायच्या, खुर्च्या मिटायच्या, गाड्यांत भरायच्या, चालू पडायचं. ‘‘पण लोक त्यांच्यावर बसलेले असतील ना?’’ अरुणरावांनी विचारलं. ‘‘त्यांना रिक्वेस्ट करू, उठा म्हणून,’’ विनय म्हणाला. यापुढे कुणी विचार केला नव्हता.

रविवारी मिनीव्हॅनचा ताफा निघाला. मागच्या सीट पाडून जागा केलेली, दोऱ्या, पट्टे, एक ढोल. वाटेत घाऊक मालाचं मोठं दुकान लागलं तिथे पाच गाड्या आत शिरल्या, कारण रविवार होता आणि टॉयलेट पेपरवर सूट होती. त्यातल्या दोन परत बाहेर आल्या. तरीही कम्युनिटी सेंटरच्या पार्किंगमध्ये साठेक माणसं जमली, सगळ्यांच्या खांद्यावर नारिंगी खुर्च्या. गाड्यांची मागची दारं उघडी ठेवली गेली. पोप इकडेच राहिला होता हे अरुणरावांना आठवलं. पण विनयने त्यांना दंडाला धरून सगळ्यांच्या पुढे उभं केलं.

दार विनयनेच ढकललं. ‘‘खुर्च्या आमच्या हक्काच्या!’’ तो ओरडला. ‘‘नाही कुणाच्या बापाच्या’’ असं मागच्या साठ जणांनी म्हणायचं होतं. ते कुणी म्हटलं नाही. ढोलावर एक थाप पडली आणि तिथेच थांबली.

आत माणसं बसली होती, फिक्या कपड्यांतली, गप्प. पुढे एका टेबलावर समई लावलेली होती आणि तिच्यामागे जाईवहिनींचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. हॉल निम्म्याहून जास्त रिकामा होता. रिकाम्या खुर्च्या रांगेने मांडलेल्या होत्या, आणि एकेका खुर्चीला कापडाचा अभ्रा शिवलेला होता. कुठे फुलाफुलांची चादर, कुठे जुन्या साडीचे काठ. गंजाचा कुठे डागही नव्हता.

रामभाऊ पहिल्या रांगेतून उठून आला. वाळला होता. ती घोषणा त्याच्या कानात शिरलीच नसावी. माईकला मागे टाकणारा तो आवाज कुठेतरी खोल गेला होता.

‘‘आलास?’’ त्याने अरुणरावांचे दोन्ही हात धरले. ‘‘मला वाटलं तुला कळलंच नाही. कढीपत्त्याच्या ग्रुपवर टाकलं होतं, पण तिथे आता कुणी राहिलंच नाही म्हणे. तुला फोन लावला. दोनदा लावला. लागेचना.’’

‘‘काय झालं?’’ अरुणरावांनी विचारलं.

‘‘हार्ट. मंगळवारी सकाळी. कुंड्यांना पाणी घालत होती.’’

मागे वसुधाताई भिंतीला धरून खाली बसल्या. रामभाऊने दाराकडे पाहिलं. दारात, पायऱ्यांवर, पार्किंगपर्यंत माणसंच माणसं. त्याचे डोळे भरून आले. ‘‘एवढ्या सगळ्यांना घेऊन आलास अरे,’’ तो म्हणाला. मग त्याने अरुणरावांच्या खांद्यावरच्या बिल्ल्याला बोट लावलं. ‘‘आणि हे काय? तिच्यासाठी?’’

‘‘हो काका,’’ विनय घाईघाईने म्हणाला. ‘‘सगळ्यांनीच लावलंय. ट्रिब्यूट म्हणून.’’

साठ माणसांनी सुटकेचा श्वास टाकला. विनयला त्या क्षणी नोकरीत बढती द्यावी असं कुणालाही वाटलं असतं. रामभाऊने मान हलवली, अरुणरावांना हाताला धरून पुढे नेलं आणि त्यांच्या हातात माईक दिला. ‘‘तू दोन शब्द बोल. तुला फार मानायची ती.’’

अरुणराव फोटोकडे बघत उभे राहिले. ज्या बाईच्या हातचा चहा त्यांनी पंचवीस वर्षं प्यायला, तिच्या गॅरेजात त्यांनी ओल आणली होती, रंगाचे डबे आणले होते, पिझ्झाचे हात आणले होते. समोर त्यांची सेना उभी होती आणि एकेक चेहरा डोळ्यांनी विनवत होता, काका, सांभाळून घ्या. सांभाळून घेणं सोपं होतं. बोलायला तर ते आता शिकलेच होते. दोन गोड वाक्यं, जाईवहिनींचं हसू, त्यांचा चहा, आणि सगळे सुटले असते. रामभाऊसुद्धा सुखाने घरी गेला असता.

‘‘जाईवहिनी गेल्या हे मला आत्ता कळलं,’’ अरुणराव म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता, मागच्या रांगेला ऐकू न जाणारा. ‘‘रामभाऊ, तुझा फोन लागला नाही कारण मी तुझा नंबर ब्लॉक केला. ग्रुप मीच सगळ्यांना सोडायला लावला. तुझ्या गॅरेजात खुर्च्या सडतायत असं मी चारचौघांत सांगितलं. मला काही माहीत नव्हतं. मी बघायलाही आलो नव्हतो. हा बिल्ला वहिनींसाठी नाही. आम्ही आज खुर्च्या न्यायला आलो होतो.’’

बाहेर एका मिनीव्हॅनचं उघडं दार टुण टुण वाजत होतं ते सगळ्यांना ऐकू आलं. रामभाऊने त्या आवाजाकडे मान वळवली. काचेतून त्याला गाड्यांची ती उघडी दारं दिसली, आतल्या पाडलेल्या सीट दिसल्या, दारातल्या माणसांच्या हातातले दोर दिसले. मग त्याने बायकोने शिवलेल्या अभ्र्यांकडे पाहिलं.

‘‘मग आधी बसा तरी त्यांच्यावर,’’ तो म्हणाला.

दोर दाराशी टाकून सगळे बसले.